दहा मिनिटांत मान टाकणारा इन्व्हर्टर

दोस्तांनो,

आपल्या सदराच्या टपालात बहुतेक पत्रं ‘असं का होतं?’ विचारणारी असतात. मराठवाड्यातल्या एका गावाहून नववीतल्या एका मैत्रिणीनं पाठवलेलं पत्र मात्र जरा निराळं होतं. तिला ‘का’ तर हवंच होतं, पण त्याआधी ‘आता काय करू?’ हवं होतं.

तिनं लिहिलं होतं : “काका, माझ्या आजोबांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. रात्री त्यांना ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं. आमच्याकडे लाईट कधीही जाते, म्हणून तीन वर्षांपूर्वी बाबांनी इन्व्हर्टर घेतला. लाईट गेली की तो तास-दीड तास सहज काढायचा. आता पंधरा दिवस झाले, दहाच मिनिटांत टीं टीं करून बंद पडतो आणि ‘बॅटरी लो’चा लाल दिवा लागतो. दुकानदार म्हणतात, बॅटरी गेली, नवी घ्या, पंधरा-सोळा हजार लागतील. बाबा म्हणतात, सोयाबीनचे पैसे आले की बघू. तोवर आम्ही काय करायचं?”

तिला पाठवलेल्या उत्तराची पहिली ओळ इन्व्हर्टरबद्दल नव्हतीच. ती अशी होती : “आजच बाबांना सांग, डॉक्टरांना विचारून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात आणून ठेवा आणि तो कसा लावायचा हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.” ज्याच्यावर कुणाचा श्वास अवलंबून आहे, ते काम एकट्या यंत्रावर सोपवायचं नसतं. मग ते यंत्र नवंकोरं का असेना!

ते झाल्यावर आम्ही दोघं गुप्तहेर झालो. आरोपी होती बॅटरी. तिच्याविरुद्ध पुरावा काय? एक लाल दिवा! तेवढ्यावर तिला भंगारात काढायचं?

आधी ओळख

इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे सहा घरांची चाळच. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड. एका घराला ‘सेल’ म्हणतात. एक सेल साधारण दोन व्होल्ट देतो, म्हणून सहा सेलची बॅटरी बारा व्होल्टची. ही शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ साली शोधली. म्हणजे विजेचा दिवा घराघरांत पोचण्याच्या कितीतरी आधी!

बॅटरीतून वीज वापरली की ॲसिड पट्ट्यांशी संयोग पावतं आणि मागे पाण्याचं प्रमाण वाढतं. चार्जिंग केलं की उलटी क्रिया होऊन ॲसिड पुन्हा द्रवात येतं. इन्व्हर्टरचं काम दुहेरी. लाईट असताना तो बॅटरी भरतो आणि लाईट गेली की ‘टक्’ असा आवाज करून बॅटरीच्या बारा व्होल्ट डी.सी.चे २३० व्होल्ट ए.सी. करून पंख्याला, दिव्याला पुरवतो.

त्याला एक शिस्तही लावलेली असते. बॅटरी अगदी रिकामी झाली तर तिचं कायमचं नुकसान होतं. म्हणून व्होल्टेज साधारण साडेदहापर्यंत उतरलं की तो ‘बॅटरी लो’ म्हणतो आणि काम थांबवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच कामाला येणार आहे.

स्वस्तापासून महागाकडे

बिघाड शोधताना एक नियम कायम पाळावा. जे तपासायला फुकट आहे ते आधी, ज्याला पैसे लागतात ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

आम्ही पाच प्रश्न काढले. तपासायचं गावातल्या वायरमनकाकांनी आणि वहीत टिपून ठेवायचं आमच्या मैत्रिणीनं, अशी वाटणी ठरली.

पहिला प्रश्न : बॅटरी भरते तरी का? इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटा फ्यूज किंवा खटका असतो. तो पडलेला असला तर घरात लाईट असूनही बॅटरी भरत नाही. कित्येकांच्या ‘गेलेल्या’ बॅटऱ्या हा खटका वर करताच जिवंत होतात! दुसरी गंमत म्हणजे काही इन्व्हर्टरवर ‘यू.पी.एस.’ नावाचं बटण असतं. ते चालू असलं की इन्व्हर्टर फार चोखंदळ होतो. आलेली वीज साधारण १८० व्होल्टच्या खाली गेली की ती त्याला चालत नाही, तो बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात किंवा शेतीपंप सुरू असताना गावात व्होल्टेज उतरतं. तेव्हा घरात मंद का होईना लाईट असते आणि इन्व्हर्टर मात्र गुपचूप बॅटरी संपवत बसतो. आमच्या मैत्रिणीच्या घरी खटका वर होता, बटण बंद होतं आणि चार्जिंगचा दिवा लागत होता. इथे तरी चोर नव्हता.

दुसरा प्रश्न : ओझं किती? ऑक्सिजनचं मशीन ३५० वॅट, दोन पंखे प्रत्येकी ७५ वॅट. एकूण ५०० वॅट. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून बॅटरीला सुमारे ५९० वॅट द्यावे लागतात. त्याला १२ व्होल्टने भागा. जवळजवळ ५० अँपिअर! हा आकडा मोठा आहे. घरातला पंखा २३० व्होल्टवर अँपिअरच्या एक तृतीयांश एवढीच धारा घेतो. बॅटरीच्या जाड वायरमधून त्याच्या दीडशे पट धारा वाहत असते.

बॅटरीवर ‘१५० एएच’ लिहिलं होतं, म्हणजे १५० अँपिअर-तास. मग १५० भागिले ५०, तीन तास मिळायला हवेत ना? नाही. हा १५० आकडा बहुधा वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरनं वीज घेतली तर मिळतो. घाईघाईनं ओढली तर बॅटरी कमी देते. जर्मनीच्या विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ साली याचं गणित मांडलं होतं. ५० अँपिअरला चांगल्या बॅटरीकडून दोन तासांच्या आसपासची अपेक्षा ठेवावी. पण दोन तास कुठे आणि दहा मिनिटं कुठे!

तिसरा प्रश्न : पाणी आहे का? चार्जिंग होताना थोड्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. ॲसिड मात्र तिथेच राहतं. म्हणून बॅटरीत भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड कधीही नाही, आणि नळाचं, बोअरचं किंवा फिल्टरचंही पाणी नाही. त्यातले क्षार पट्ट्यांची वाट लावतात. मैत्रिणीनं लिहिलं, सहाही झाकणांवरचे तरंगते दांडे हिरव्या खुणेपर्यंत वर होते. म्हणजे पाणी ठीक.

चौथा प्रश्न : सहाही घरं निरोगी आहेत का? वायरमनकाकांकडे हायड्रोमीटर होता. काचेच्या नळीत थोडं ॲसिड ओढून घ्यायचं, आतला तरंगता काटा त्याचं विशिष्ट गुरुत्व सांगतो. ॲसिड जितकं दाट तितका सेल भरलेला. या प्रकारच्या बॅटरीत पूर्ण भरलेल्या सेलचं विशिष्ट गुरुत्व १.२४०च्या आसपास असतं. वहीत आकडे आले : पाच सेल १.२३०, सहावा १.१९०.

आता एक झकास युक्ती पाहा. विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवलं की त्या सेलचं विश्रांतीच्या वेळचं व्होल्टेज जवळजवळ बरोबर मिळतं. पाच सेल २.०७ व्होल्टचे, सहावा २.०३चा. करा बेरीज. १२.३८! आणि काही तास काहीही न जोडता ठेवलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर लावला तेव्हा त्यानं दाखवलं १२.४. दोन अगदी वेगळी साधनं, एक ॲसिड तोलणारं आणि एक वीज मोजणारं, पण साक्ष एकच. मापं विश्वासाची आहेत, याहून चांगली खात्री कुठली?

साक्ष काय सांगते? बॅटरी तरुण राहिलेली नाही, सहावा सेल थोडा थकलाय. पण ती मेलेली नक्कीच नाही. दहा मिनिटांत मान टाकण्याएवढी तर नाहीच नाही.

चोर सापडला!

पाचवा प्रश्न राहिला होता : जोड कसे आहेत?

या वेळी मोजमाप बॅटरीवर ओझं असतानाच करायचं होतं. म्हणून दिवसा, आजोबा बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसले असताना, वायरमनकाकांनी मशीन आणि पंखे सुरू करून इन्व्हर्टरला येणारा मेन खटका मुद्दाम बंद केला. मग मल्टिमीटरची टोकं दोन ठिकाणी लावली. आधी थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर आणि नंतर वायर इन्व्हर्टरमध्ये शिरते तिथे.

खुंटांवर १२.० व्होल्ट. इन्व्हर्टरपाशी १०.८!

मधले १.२ व्होल्ट कुठे गेले? रस्त्यात फक्त दोन वायरी होत्या आणि त्यांचे जोड. काकांनी मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाला आवळलेल्या वायरच्या कडीवर ठेवलं. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणजे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला हवं. ऋण बाजूला तसंच होतं. धन बाजूला मात्र काट्यानं एक व्होल्टच्या वर उडी मारली. जवळून पाहिलं तर कडीच्या खाली पांढरट-हिरवट भुकटीचा थर बसला होता.

शाळेत शिकता तो ओहमचा नियम आठवा. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले धारा. १.२ भागिले ५०, म्हणजे ०.०२४ ओहम. एवढासा रोध! शाळेच्या प्रयोगात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही. पण त्यातून ५० अँपिअर वाहू लागले की तो १.२ व्होल्ट गिळतो. आणि १.२ गुणिले ५० म्हणजे ६० वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. पूर्वीचा साठचा पिवळा बल्ब आठवतो का घरातल्या मोठ्यांना? तो किती तापायचा ते त्यांना विचारा. तेवढी उष्णता एका जोडात! जोड तापला की त्याचा रोध आणखी वाढायचा, तोवर बॅटरीही थोडी उतरायची आणि दहाव्या मिनिटाला इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज साडेदहाला टेकायचं. टीं टीं टीं... बंद.

म्हणजे इन्व्हर्टर खोटं बोलत नव्हता. त्याच्या दारात पोचणारं व्होल्टेज तेवढंच होतं. ते बॅटरीतच कमी आहे की रस्त्यात सांडलंय, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. लाल दिवा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ताप आला हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड हे डॉक्टरांना शोधावं लागतं, तसंच हे.

याच जोडानं आणखी एक खोडी केली होती. चार्जिंगच्या वेळीही तो थोडं व्होल्टेज गिळायचा. त्यामुळे बॅटरी पूर्ण भरायच्या आधीच इन्व्हर्टरला वाटायचं, झाली भरून! १.२४०च्या ऐवजी १.२३० दिसण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

उपाय आणि हिशेब

वायरमनकाकांनी इन्व्हर्टर बंद केला, त्याचा मेन खटका पाडला, आधी ऋण वायर काढली, मग धन. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्या पाण्यानं भुकटी धुतली. सोड्याचं पाणी झाकणांच्या आत जाणार नाही याची काळजी घेतली. खुंट आणि कडी काचकागदानं घासून चकचकीत केली. वायरच्या टोकाची कुजलेली कडी कापून नवी दाबून बसवली. जोड पक्के आवळले, ऋण वायर शेवटी लावली आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला, म्हणजे हवा आणि ॲसिडची वाफ आत शिरणार नाही. खर्च किती? मैत्रिणीनं वहीत लिहिलंय, कडीचे पन्नास रुपये. मजुरी काकांनी घेतलीच नाही, चहा घेतला.

पुन्हा तीच चाचणी. खुंट आणि कडी यांच्यात आता फरक जवळजवळ नाही. ५०० वॅटच्या ओझ्यावर इन्व्हर्टर एक तास पस्तीस मिनिटं चालला.

गोष्ट इथे ‘आणि सगळं छान झालं’ म्हणून संपवता आली असती. पण सहावा सेल अजून थकलेलाच आहे. जोड साफ केल्यानं बॅटरीचं वय कमी होत नाही. तिला मी लिहिलंय की दर महिन्याला सहाही घरांचे आकडे वहीत टिपत जा. सहावा सेल बाकीच्यांपासून आणखी दूर जाऊ लागला की नवी बॅटरी घ्यायची वेळ आली. मात्र तो निर्णय आता पीक विकून, चार दुकानांत भाव विचारून, शांतपणे घेता येईल. अपरात्री घाबरून नव्हे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची, उघड्यावर टाकायची नाही. शिसं विषारी असतं. शिवाय २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

आणि सिलिंडर? तो आजोबांच्या खाटेजवळ उभाच राहणार. इन्व्हर्टर दुरुस्त झाला म्हणून तो परत करायचा नाही. त्याच्या आसपास उदबत्ती, निरांजन, विडी काहीही पेटवायचं नाही, हे आजीलाही सांगून झालंय.

तुम्ही काय करायचं, काय नाही

दोस्तांनो, हे वाचून लगेच पाना घेऊन धावू नका! तुमचं काम बघायचं, टिपायचं आणि गणित करायचं. हात लावायचं काम जाणत्या मोठ्या माणसाचं. का ते ऐका.

बॅटरीचे बारा व्होल्ट शॉक देत नाहीत, पण दोन खुंटांवर चुकून पाना, बांगडी किंवा अंगठी टेकली तर शेकडो अँपिअर धारा वाहून ती वस्तू क्षणात लालभडक तापते. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवायची आणि पाणी पाहायला काडी पेटवायची नाही, टॉर्च वापरायचा. ॲसिड डोळ्यांत उडालं तर भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लाईट गेली तरी इन्व्हर्टरच्या लाईनवरचे प्लग आणि वायरी जिवंतच असतात, पूर्ण २३० व्होल्टनं! ‘लाईट गेलीये, आता हात लावायला काय हरकत आहे’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

तुमच्या घरात नव्या प्रकारची लिथियमची बॅटरी असेल, तर तिच्यात पाणी घालायचं नसतं आणि ती उघडायची तर मुळीच नसते.

आता तुमचं काम. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय काय चालतं त्याची यादी करा, प्रत्येकाचे वॅट लिहा आणि बॅटरीवर किती अँपिअरचं ओझं पडतं ते काढा. मग एखाद्या रविवारी सकाळी मोठ्यांना सांगून मेन खटका बंद करायला लावा आणि इन्व्हर्टर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून टिपा. निम्मा वेळ झाला की थांबलात तरी चालेल. मात्र घरात कुणाचं औषधाचं यंत्र असेल, तर ते वापरात नसतानाच ही चाचणी करायची. दर तीन महिन्यांनी असं केलंत तर बॅटरी कुरकुरायला लागल्याचं तुम्हांला आधी कळेल, नंतर नाही. यादीत जुना ७५ वॅटचा पंखा असेल तर एक गंमतही करून पाहा. त्याच्या जागी सुमारे ३० वॅटचा नवा बी.एल.डी.सी. पंखा मांडून तेच गणित पुन्हा सोडवा. मोठी बॅटरी न घेताही वेळ कसा वाढतो ते दिसेल.

जाता जाता एक कोडं. एका घरी बॅटरी चार्ज होताना पाच सेलमध्ये जोरजोरात बुडबुडे येतात, सहावा अगदी गप्प. विश्रांतीनंतर मीटर १०.४ व्होल्ट दाखवतो. दोष कुठे आहे? आणि त्याची शिक्षा बाकीच्या पाच बिचाऱ्यांना का? उत्तर कारणासह कळवा. पुढच्या अंकात भेटूच.

तुमचा,
काका